लाल दिव्याचे मानकरी

सन २०९५ मधला गुन्हेगार म्हणून निवड झाली, त्या संध्याकाळी चन्नवीरअण्णा आळंगे येताना पेढे घेऊन आले.

"कशाचे पेढे?" भुवनेश्वरीने दारातच विचारलं.

"निवड झाली माझी!"

"अगबाई, हेडक्लार्क केलं?"

"गुन्हेगार केलं!" अण्णा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा काही फुलला होता की भुवनेश्वरीने आधी पेढा उचलला आणि मग कपाळाला हात लावला.

आता हे सांगायला पाहिजे की अण्णा काही आज नट झाले नव्हते. कॉलेजच्या कचेरीत लिपिक म्हणून बसता बसता त्यांनी सोलापुरातल्या निम्म्या मंडळांच्या स्टेजवर पाय ठेवला होता. फक्त त्या पायाला कधी जागा पुरली नव्हती. दरबार असला की अण्णा दुसरे सरदार. लग्न असलं की मुलीचे काका, आणि ते काका पहिल्या अंकातच वारायचे. एकदा तर पडदा उघडायच्या आधीच ते मेलेले होते, आणि तरी त्यांनी तालमी बुडवल्या नव्हत्या. अशा माणसाला टीव्हीवर, तेही मुख्य भूमिकेत, तेही विज्ञानमालिकेत कुणी बोलावलं तर पेढे कमीच म्हणायचे.

टीव्ही म्हणजे शरणबसवचं केबल चॅनेल. त्यावर सकाळी भक्तिगीतं, दुपारी वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि संध्याकाळी गावातल्या बातम्या लागायच्या. त्या चॅनेलला विज्ञानाचा वारा लागला तो उत्कर्षामुळे. उत्कर्षा अण्णांच्याच शिवगंगा अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायची. फिजिक्समध्ये एमएस्सी करून क्लासमध्ये शिकवायची, आणि उरलेला सगळा वेळ परदेशी विज्ञानमालिका बघायची. त्यातल्या अर्ध्या मालिकांमध्ये म्हणे लोक एकमेकांना मतं देऊन जगवतात आणि मतं काढून मारतात. ते बघून बघून तिने स्वतःच एक मालिका लिहिली. नाव 'कौल २०९५'.

"त्या काळात कोर्ट नाही, वकील नाही," अण्णा पेढ्याचा डबा हातात धरून भुवनेश्वरीला सांगू लागले. "प्रत्येकाच्या छातीवर एक दिवा. तुम्ही लोकांना आवडलात तर हिरवा, नावडलात तर लाल. लाल पेटून राहिला की त्या माणसाला चौकातल्या कट्ट्यावर उभं करायचं, आणि सगळ्या गावानं येऊन त्याला बोल लावायचे."

"म्हणजे लग्नघरासारखंच की," भुवनेश्वरी म्हणाली. "आणि तुमी काय केलं म्हणून लाल?"

"नळाला चोरून मोटार लावली."

भुवनेश्वरीचा पेढा तोंडाशीच थांबला. "कुणी सांगितलं तुमाला?"

"कुणी म्हणजे? उत्कर्षानं. गोष्टीत आहे ना तसं."

"असं व्हय," ती म्हणाली, आणि पेढा न खाताच आत निघून गेली. अण्णांना वाटलं, बायकोला आनंद सहन झाला नाही.

बाहेरगावच्या वाचकाला एक गोष्ट समजावून सांगितली पाहिजे. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. त्या दिवशी माणूस साखरपुडा पुढे ढकलतो, पण बादली पुढे ढकलत नाही. अशा वेळी नळाच्या पाइपाला थेट मोटार जोडून शेजारच्याचं पाणी आपल्याकडे ओढून घेणं, याहून मोठं पाप इथे नाही. शिवगंगामध्ये तर प्रत्येक घराचा नळ वेगळा, कारण गच्चीवर टाकी बांधून देण्याआधीच बिल्डर पुण्याला गेला होता. म्हणून उत्कर्षाने जेव्हा शरणबसवला विचारलं, की २०९५ सालीसुद्धा सोलापूरला पाणी पाचव्या दिवशीच येतंय हे लोकांना पटेल का, तेव्हा तो म्हणाला, "म्याडम, तुमच्या गोष्टीत तेवढंच पटण्यासारखं हाय."

तयारी जोरात सुरू झाली. हेल्मेटना चंदेरी रंग दिला. छातीवरच्या दिव्यासाठी भुवनेश्वरीचा शेंगाचटणीचा स्टीलचा डबा गेला, त्याला मध्ये भोक पाडून आत गणपतीच्या माळेतले बल्ब बसवले. दिवा तापला की चटणीचा वास सुटायचा, त्यामुळे हळव्या प्रसंगातसुद्धा समोरच्या नटाला भूक लागायची.

राहिली चौकातल्या कट्ट्याची परवानगी. ते काम अण्णांनी आपण होऊन घेतलं. त्यांचं म्हणणं, कचेरीची भाषा कचेरीवाल्यालाच कळते. पण अर्जात 'कार्यक्रमाचा दिनांक' या रकान्यात उत्कर्षाने 'सन २०९५' असं लिहून ठेवलं होतं.

टेबलामागच्या गृहस्थांनी चष्मा वर केला. "आळंगेसाहेब, एवढ्या आधी परवानगी देता येत नाही. नियम तीन महिन्यांचा आहे. तुम्ही २०९४ च्या शेवटाला या."

दिनांक बदलला. मग 'उद्देश' या रकान्यात 'नागरिकास सार्वजनिक शिक्षा' असं निघालं. शिक्षा म्हटल्यावर चौकीचा ना-हरकत दाखला आला. चौकीतल्या हवालदारांनी विचारलं, "आरोपी कोण?"

"मीच," अण्णा अभिमानाने म्हणाले.

"फिर्यादी?"

"जनता."

"मग जनतेपैकी दोघांचं आधार कार्ड जोडा."

जनता कागदाचे बोळे मारणार हे कळल्यावर स्वच्छता खात्याचाही शिक्का लागला. गुन्हा करायला कुणाला काही विचारावं लागत नाही, पण गुन्ह्याचं सोंग करायला अण्णांना एवढे शिक्के गोळा करावे लागले की शेवटी तो कागद त्यांना पदवीच्या सर्टिफिकेटसारखा दिसू लागला. त्यांनी त्याची प्रत घरात लावायला काढली होती. भुवनेश्वरीने ती लावू दिली नाही.

पहिला भाग लागला त्या संध्याकाळी शिवगंगामधले सगळे टीव्ही एकाच आवाजात बोलत होते. पडद्यावर अण्णा चंदेरी हेल्मेट घालून अंधारात नळाशी वाकले. आता, उत्कर्षाने लिहिलं होतं ते असं, की या माणसाने मोटार लावली की नाही हे बघणाऱ्याला कळूच नये. लोकांनी पुराव्याशिवाय कौल द्यावा आणि मग आपल्याच कौलाची त्यांना लाज वाटावी, असं तिचं विज्ञान होतं. पण अण्णांच्या अंगात वर्षानुवर्षं दबलेला दुसरा सरदार त्या क्षणी उसळला. ते नळावरून उठले, वळले, कॅमेऱ्यात बघितलं आणि हसले. असं हसले, की एका हास्यात मोटार, पाइप, चोरी आणि पुढच्या सात पिढ्यांचा निर्लज्जपणा सगळं आलं. उत्कर्षाने ते काढून टाकायचं ठरवलं होतं. शरणबसव म्हणाला, "म्याडम, काय बी काढा, हसू काढू नका. हसूवर जाहिरात मिळाली."

खाली दोन नंबर आले. अण्णांना माफ करायचं असेल तर हिरव्या नंबरवर मिस्ड कॉल, कट्ट्यावर चढवायचं असेल तर लाल नंबरवर. हिरवा जास्त झाला तर अण्णा सुटणार आणि सगळ्या नगराचा नायक होणार. त्यासाठी उत्कर्षाने एक घोडासुद्धा लिहून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा मुद्दाम चालत मंडईत गेले. तीन जणांनी वळून बघितलं. एकाने बोट दाखवलं. अण्णांनी केसांवरून हात फिरवला आणि नेहमीच्या काशम्मापुढे पिशवी उघडली. काशम्मा गेली कित्येक वर्षं त्यांना भाजी द्यायची आणि वर कोथिंबिरीच्या दोन काड्या टाकायची.

"आले बघा मोटारवाले," काशम्मा शेजारणीला म्हणाली. मग अण्णांकडे वळून, "तुमाला न्हाय कोथिंबीर."

"अहो काशम्मा, ते नाटक आहे!"

"नाटक हाय तर हसलाव कशाला? आमच्या वस्तीत घागरीला घागर लावून लाईन असती. पोरी शाळा बुडवून हुबा ऱ्हात्यात. आनि तुमी हसताव व्हय?"

अण्णांनी पिशवी मिटली. पण खरं सांगायचं तर त्यांना दुःख झालं ते अर्धंच. उरलेल्या अर्ध्याला उकळ्या फुटत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या अभिनयाने कुणाला तरी राग आला होता! घरी येऊन त्यांनी भुवनेश्वरीला सांगितलं, "काशम्मानं मला कोथिंबीर नाकारली!" आणि ते अशा थाटात सांगितलं, जणू काशम्माने शाल आणि नारळ दिला होता.

तो थाट संध्याकाळी उतरला. शरणबसवने आकडे दाखवले. लाल इतका वर गेला होता की पडद्यावर मावत नव्हता, आणि हिरवा खाली कुठेतरी पाण्याच्या तळाशी.

त्यानंतर शिवगंगामध्ये अण्णांना वाचवण्याचे प्रयत्न सुरू झाले. सगळ्यात पुढे होते तळमजल्यावरचे रुद्रप्पा, सोसायटीचे चेअरमन. एसटीतून निवृत्त झाले होते, आणि गाडी कुठलीही असो, दोरी ओढायचा अधिकार आपलाच असं मानायचे.

"आळंगे, लोकांना दया आली पाहिजे," रुद्रप्पा म्हणाले. "खोका. लई खोका. जमलं तर लंगडा."

वरच्या मजल्यावरचे म्हणाले, मुक्या जनावराला भाकरी घाला, लोक विरघळतात. अण्णांनी उत्कर्षाची पाठ वळल्याचं बघून दुसऱ्या भागात हे सगळं एकदम केलं. ते लंगडत आले, खोकले, आणि खोकता खोकता त्यांनी चौकातल्या कुत्र्यापुढे भाकरी धरली. कुत्र्याने भाकरीकडे बघितलं, मग अण्णांच्या छातीवरच्या डब्याकडे बघितलं. डब्यातून शेंगाचटणीचा वास येत होता. पुढचं सगळं चॅनेलवर दाखवलं गेलं. कुत्रं डब्याला लोंबकळतंय, अण्णा लंगडायचं विसरून कन्ना चौकाच्या दिशेने पळतायत, आणि दिवा मात्र लाल.

"काका, तुम्ही असं का करता?" उत्कर्षा रडवेली होऊन म्हणाली. "लोकांना आवडायची धडपड केली की माणूस संपला, हीच तर गोष्ट आहे."

"अगं, गोष्ट तुझी आहे, तोंड माझं आहे!"

लोकांचं म्हणणं असं पडलं, की एक तर दमेकरी, त्यात लंगडा, कुत्र्यालासुद्धा नको, आणि तरी पाणी चोरतोय. लाल आणखी वाढला.

शेवटी अण्णांनी एक लाजिरवाणी गोष्ट केली. त्यांनी दार लावून भुवनेश्वरीच्या फोनवरून स्वतःलाच हिरवा मिस्ड कॉल दिला. दुसऱ्याच मिनिटाला तिकडून उलटा फोन आला.

"कोन बोलतंय?" आवाज भरडा होता.

"मी... एक नागरिक. चन्नवीर आळंगे यांना माफ करावं म्हणून..."

"तुज्या आळंग्याच्या! परवापासनं माफ करा, माफ करा! मी बिरप्पा बोलतोय मंद्रूपवरनं. माजी पिठाची गिरण हाय. दळण असंल तर ये, न्हायतर फोन ठेव!"

पडद्यावर हिरव्या नंबरातला एक आकडा चुकला होता. अण्णांना वाचवू बघणारा एकूण एक भला माणूस मंद्रूपच्या बिरप्पाच्या शिव्या खाऊन बसला होता, आणि त्यातल्या कित्येकांनी रागाच्या भरात लगेच लाल नंबर फिरवला होता. अण्णा ओरडतच शरणबसवकडे गेले. नंबर दुरुस्त झाला. पण तोवर गावाला लालची गोडी लागली होती. हिरवा दाबला की काहीच होत नाही, लाल दाबला की एक माणूस चढतो. रिक्षास्टँडवर पैजा लागल्या. पोरं रस्त्यात अण्णांना बघून छातीवर मूठ ठेवून, लाल दिवा पेटल्यासारखा, 'टुंई' असा आवाज काढायची. कॉलेजात प्राचार्यांनी सहीच्या कागदावर लाल पेनने टिकमार्क केला, तरी अण्णांना घाम फुटला.

आणि नेमकं त्याच आठवड्यात पाणी कमी दाबाने आलं. तळमजल्यावर रुद्रप्पांच्या नळाला धार आली ती करंगळीएवढी. रुद्रप्पा नळाकडे बघत बसले, मग त्यांनी मान वर करून तिसऱ्या मजल्याकडे बघितलं. तिसऱ्या मजल्यावर अण्णांच्या गॅलरीत भुवनेश्वरी गाद्यांचे अभ्रे धूत होती.

बैठक पार्किंगमध्ये भरली. विषय एकच. आळंगेंचा नळ.

"मला कुणावर आरोप करायचा नाही," असं म्हणून रुद्रप्पांनी आरोप केला. "पण तिसऱ्या मजल्यावर अभ्रे, आणि तळमजल्यावर तोंड धुवायला नाही. आळंगे, मालिकेत तुम्ही लई सराईतपणे मोटार जोडली. सवय असल्याशिवाय तशी जोडता येत नाही."

"तो अभिनय होता!"

"त्या सरदाराचा आम्ही बघितलाय की अभिनय," मागून कुणीतरी म्हणालं.

हा घाव मात्र वर्मी बसला. शूटिंगचे लाल-हिरवे फलक पार्किंगच्या कोपऱ्यातच ठेवलेले होते. कुणी वाटले ते कळलं नाही, पण बघता बघता प्रत्येकाच्या हातात एक-एक आला. काल वडे पाठवणाऱ्या बाईंच्या हातात लाल. ज्यांच्या मुलाला अण्णांनी कॉलेजात प्रवेश मिळवून दिला होता, त्यांच्या हातात लाल, जरासा खाली धरलेला.

अण्णा उठून उभे राहिले. त्यांच्या आवाजात आता दुसरा सरदार नव्हता, पहिला होता. "सिद्धेश्वराची शपथ घेऊन सांगतो, माझ्या घरात मोटार नाही! या! सगळे या! कोपरान् कोपरा बघा!"

"अहो," भुवनेश्वरीने त्यांची बाही ओढली.

"थांब. आज यांना दाखवतोच."

"अहो, साकु. बस झालं म्हणते ना मी."

पण रंगमंचावर चढलेल्या माणसाला विंगेतला आवाज कुठला ऐकू येतोय! अण्णा पुढे, सोसायटी मागे, अशी मिरवणूक तीन मजले चढली. अण्णांनी कपाटं उघडली. पलंग सरकवला. देवघराचा पडदासुद्धा वर केला. मग वॉशिंग मशीनच्या मागे एक जाड सोलापुरी चादर घडी घालून ठेवलेली दिसली, ती त्यांनी झटक्यात ओढली.

चादरीखाली मोटार होती. अर्ध्या हॉर्सपॉवरची, निळ्या रंगाची, झाडूनपुसून स्वच्छ ठेवलेली. तिच्यावर कुंकवाचं बोटही होतं, दसऱ्याचं.

अण्णांनी भुवनेश्वरीकडे बघितलं. ती भिंतीकडे बघत होती, आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. इतकी वर्षं पाणी भरणं हे तिचं खातं होतं. तिसऱ्या मजल्यावर एवढं पाणी कसं चढतं, हा प्रश्न अण्णांना कधी पडलाच नव्हता. एक घरघर यायची, तिला ते मिक्सर समजायचे. आपल्याकडे चटणी फार होते, एवढंच त्यांच्या मनात यायचं.

रुद्रप्पांनी घसा खाकरला. "ही कुणाची?"

"माझी," अण्णा म्हणाले. "मीच आणली. घरात कुणाला माहीत नव्हती."

ते हसले नाहीत, खोकले नाहीत, लंगडलेही नाहीत. उत्कर्षा दाराशी उभी होती. काकांनी आयुष्यात केलेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं, आणि कॅमेरा तेव्हा खाली होता, याची हळहळ तिला अजून आहे.

सगळे लाल फलक वर झाले.

लोक गेल्यावर दोघं स्वयंपाकघरात बसली. बराच वेळ कुणी दिवा लावला नाही.

"मला सांगितलं का नाहीस?" अण्णांनी विचारलं.

"तुमी प्रामाणिक माणूस. सांगितलं असतं तर काढायला लावली असती." भुवनेश्वरी पदराने भांडं पुसत होती, ते आधीच कोरडं होतं. "घरात एक तरी प्रामाणिक असावा म्हटलं. म्हणून तुमाला तसंच ठेवलं."

"आणि पाप?"

"प्रामाणिक माणसाला बी आंघोळ लागती की हो. दोन वर्षं घागरी चढवल्या मी. गुडघे गेले, मग मोटार आणली."

अण्णांनी तिच्या गुडघ्यांकडे बघितलं, जणू तेही आजच पहिल्यांदा दिसत होते. मग ते म्हणाले, "उद्या शेवटचा भाग आहे. मला कट्ट्यावर चढायचंय."

"जाऊ नका."

"असं कसं? शिक्के घेतलेत."

खऱ्या मोटारीची बातमी दुपारपर्यंत गावभर झाली होती. संध्याकाळी शिवगंगासमोरच्या चौकात ही गर्दी! भेळवाले आले, फुगेवाले आले. कट्ट्यावरच्या दिव्यांना वीज सोसायटीच्या मीटरवरून घेतली होती. रुद्रप्पांनी ती मोठ्या मनाने दिली होती आणि स्वतः पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसले होते. मालिका कुठे संपली आणि गाव कुठे सुरू झालं, हे आता उत्कर्षालाही सांगता आलं नसतं. ती कॅमेऱ्यामागे नखं खात उभी होती.

अण्णा चढले. हेल्मेट, छातीवर डबा, डब्यात लाल. पहिला बोळा आला तो हलका होता. दुसरा जरा जोरात. तिसऱ्यात कुणीतरी ओला कागद वापरला होता, तो हेल्मेटवर चिकटून बसला. "मोटारचोर! हस की आता!" पोरं ओरडत होती. अण्णा ताठ उभे होते. गर्दी बघून त्यांच्या छातीत जे धडधडत होतं, त्यात भीती किती आणि आनंद किती, ते त्यांचं त्यांनाही उमगत नव्हतं. एवढं हाऊसफुल्ल त्यांनी कधी बघितलं नव्हतं. पण बोळे मारणाऱ्यांत त्यांना त्या वडे पाठवणाऱ्या बाई दिसल्या, आणि धडधड एकदम खाली गेली.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत भुवनेश्वरी पुढे आली. गुडघ्यावर हात देत एक एक पायरी कट्ट्यावर चढली. कॅमेऱ्याकडे तिने बघितलं नाही. तिने अण्णांच्या गळ्यातला डबा काढला आणि स्वतःच्या गळ्यात घातला.

"मोटार माझी हाय," ती म्हणाली. "ह्यांना ठाऊक सुदिक नव्हतं. काय मारायचं ते मला मारा."

"अगं, हे लिहिलेलं नाही," अण्णा दबक्या आवाजात म्हणाले.

"गप बसा तुमी."

सगळ्यात पुढे काशम्मा उभी होती, हातात चांगला मोठा बोळा घेऊन. तिने तो मारला नाही. तिने विचारलं, "कितवा मजला गं तुजा?"

"तिसरा."

"लिफ्ट हाय का?"

"न्हाय."

"मग आदी घागरी कोन चढवत होतं?"

"मीच की."

काशम्माने बोळ्याकडे बघितलं. मग अण्णांकडे बघितलं, फार वाईट नजरेने. "ह्याला चढवा म्हणत होते मी, ते बरोबरच हाय," ती म्हणाली. "पर चोरीसाठी न्हाय. आंदळेपणासाठी." आणि तिने तो बोळा अण्णांनाच मारला. नेम अचूक होता. मागच्या बायका खदखदून हसल्या.

पुढे काय झालं असतं ते सांगता येत नाही, कारण त्याच वेळी गल्लीच्या टोकाकडून आरोळी आली, "पाणी आलं! पाणी आलं हो!"

पाण्याचा दिवस उद्याचा होता. आज कसं आलं, कुणाला ठाऊक. पण त्या दोन शब्दांनी जे झालं ते कुठल्याही शतकातल्या पोलिसांना जमलं नसतं. जनता पळाली. फिर्यादी पळाले, न्यायाधीश पळाले, फुगेवाला पळाला. शिवगंगामधले सगळे एकमेकांना ढकलत जिन्यात घुसले. रुद्रप्पांची खुर्ची उलटी पडली. दोन मिनिटांत चौकात उरले कट्ट्यावरचे नवरा-बायको, कॅमेऱ्यामागची उत्कर्षा, आणि जिच्या घराला नळच नव्हता ती काशम्मा.

मग इमारतीतून आवाज आला. आधी तळमजल्यावरून एक घरघर. मग पहिल्यावरून, दुसऱ्यावरून, वरून, मागून. एकात एक मिसळत ती घरघर वाढत गेली, जणू इमारत आता उडणार. कट्ट्यावरचे दिवे मंद झाले. डब्यातला लाल दिवा पिवळट झाला, फडफडला, आणि सोसायटीच्या मेन फ्यूजमधून 'फट्' असा आवाज येऊन सगळा अंधार झाला.

आणि त्या अंधारात सगळ्या घरघरी एकदम बंद पडल्या.

हळूहळू गॅलऱ्यांत माणसं आली. वडेवाल्या बाई आल्या. प्रवेशवाले आले. सगळे आपापल्या कठड्याला धरून उभे राहिले. शेवटी तळमजल्यावरून रुद्रप्पांचा आवाज आला, बारीक, "फ्यूज गेला वाटतं."

"व्हय," काशम्मा खालून म्हणाली. "सगळ्यांचाच गेला."

उत्कर्षाचा कॅमेरा आणि त्यावरचा दिवा बॅटरीवर चालत होता. तिने एक अक्षर न जोडता ते सगळं तसंच दाखवलं, गॅलऱ्यांसकट. तो भाग लोकांनी इतका बघितला की शरणबसवला दुसऱ्या दिवशी चार वेळा लावावा लागला. त्याने खाली लाल-हिरवे नंबर दिलेच नाहीत. द्यायचे कुणाकुणासाठी, असा प्रश्न होता. शिवगंगाच्या मोटारी एका रविवारी निघाल्या, खाली एक मोठी टाकी झाली, वर पाणी चढवायला सगळ्यांची मिळून एकच मोटार बसली. तिचं बटण चेअरमन म्हणून रुद्रप्पांकडे आलं. भुवनेश्वरीने पहिल्या दिवशी मोटार सुरू झाल्यावर गॅलरीत खुर्ची टाकून, पाय वर घेऊन, नुसती घरघर ऐकली. अण्णा आत अभ्रे पिळत होते.

अण्णांना मात्र आता कुठेही फिरणं अवघड झालंय. टेंभुर्णीच्या स्टँडवर एका बाईने पोराला पुढे करून सांगितलं, "हे बघ, मोटारवाले," आणि पोराने वाकून नमस्कार केला. कॉलेजात मुलं फोटो काढून घेतात. एका हॉटेलाने चहाचे पैसे घेतले नाहीत.

परवा सकाळी रुद्रप्पा वर आले. जिना चढून धापा टाकत होते, पण बसले नाहीत.

"आळंगे, एक विचारायचं होतं. राग मानू नका," ते म्हणाले. "मोटार माझ्याकडं बी होती. तुमच्या आधीपासनं होती. तुमची अर्ध्या हॉर्सपॉवरची, माझी अख्ख्या एकाची. टीव्हीवर मी बी दिसलोय, गॅलरीत, स्पष्ट. मग चौकात सगळी माणसं तुम्हालाच का ओळखतात? मला अजून एकानं बी चोर म्हटलेलं नाही!"

अण्णांनी हातातला पिळलेला अभ्रा झटकला, दोरीवर टाकला, त्याची कड सरळ केली. मग एका ज्येष्ठ कलावंताला शोभेल अशा सावकाशीने ते वळले.

"रुद्रप्पा," ते म्हणाले, "त्याला नुसती मोटार असून भागत नाही. अंगात असावं लागतं."